कलम १३ आणि शर्टाचं शेवटचं बटण

एका रविवारी मावशीकडे गेलो होतो. निमित्त होतं तिच्या जुन्या कागदपत्रांच्या स्कॅनिंगचं. (घरात एक कॉम्प्युटरवाला असला की बिघडलेल्या प्रिंटरपासून पेन्शनच्या फॉर्मपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडतं, हा तुमचाही अनुभव असेलच.) मावशी एका तालुक्याच्या गावी मतिमंद मुलांच्या शाळेत २८ वर्षं शिकवून निवृत्त झाली. 'मतिमंद' हा शब्द आता कुणी वापरत नाही, 'बौद्धिक अक्षम' म्हणतात. पण शाळेच्या पाटीवर तेव्हा तोच होता, म्हणून तोच लिहितोय.

तर त्या फायलीत १९८६ पासूनची पगारपत्रकं होती. पिवळी पडलेली, टाचण्यांचा गंज लागलेली. प्रत्येकावर मावशीच्या नावापुढे एकच शब्द: अप्रशिक्षित. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं... शब्द तोच. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक प्रमाणपत्र येतं आणि तो शब्द गायब होतो. प्रमाणपत्र होतं ब्रिज कोर्सचं. काही आठवड्यांचा कोर्स.

मी सहज विचारलं, "म्हणजे बारा वर्षं शिकवून तू अप्रशिक्षित, आणि काही आठवडे बाकावर बसून प्रशिक्षित?"

"हसतोस काय? तेवढंही केलं नसतं तर घरी बसले असते. कायद्याने गुन्हा होता तो."

गुन्हा? शिकवणं? इथे माझी उत्सुकता चाळवली आणि पुढचे दोन शनिवार-रविवार कामी आले. जे हाती लागलं ते असं.

आपल्याकडे अशा मुलांच्या शाळा सरकारने काढल्या नाहीत, आणि प्रशिक्षित शिक्षकांनीही काढल्या नाहीत. मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांनी १८८० च्या दशकात मूकबधिरांसाठी शाळा सुरू केली, ती देशातली पहिली. १८८७ मध्ये अमृतसरला अ‍ॅनी शार्प नावाच्या मिशनरी बाईंनी अंधांसाठी शाळा काढली. पुढे १९४४ साली मुंबईत जय वकील यांनी शाळा सुरू केली, कारण त्यांच्या मुलीला, दीनाला, डाऊन सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळाच नव्हती. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी तीन मुलांना घेऊन मुंबईतच स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा उघडली. त्यांच्याही मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती. अलूर लंडनला जाऊन याचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या, पण तसं करू शकणारे किती असणार?

यादी वाढवता येईल, पण नमुना कळला असेल. मिशनरी, नाहीतर आईबाप. दुसऱ्याच्या दारात धक्के खाऊन झाल्यावर स्वतःच फळा-खडू हातात घेतलेली माणसं. त्यांच्या हाताखाली काम करायला कोण आलं? शेजारच्या बायका, बालवाडीच्या बाई, बीए होऊन घरी बसलेल्या मुली. माझी मावशी यातलीच. "मुलांत रमते" एवढ्याच क्वालिफिकेशनवर लागली.

आता शिक्षक तयार करणाऱ्या संस्थांच्या तारखा बघा. श्रवणदोष असलेल्यांसाठी अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वांद्र्याला आली १९८३ मध्ये. मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला १९८४ मध्ये. म्हणजे जय वकील यांच्या शाळेनंतर तब्बल ४० वर्षांनी. त्याआधी कुठेच काही शिकवलं जात नव्हतं असं नाही, काही मोठ्या शाळांचे स्वतःचे कोर्सेस होते. पण तालुक्याच्या गावातल्या बाईने, घरदार सोडून, कुठे आणि कशाच्या जोरावर जायचं होतं?

या मधल्या काळात ही माणसं काय करत होती? मावशीने शर्टाच्या बटणाचं उदाहरण दिलं. एक मुलगा होता, दहा-अकरा वर्षांचा. शर्ट घालायला शिकवायचा होता. मावशी सुरुवातीला सगळ्यांसारखंच करायची. पहिलं बटण हातात दे, काज दाखव, "घाल बघू". तो दोन मिनिटांत चिडून शर्ट फेकून द्यायचा. असे दोन महिने गेले. मग एक दिवस कंटाळून तिने स्वतःच सगळी बटणं लावली, शेवटचंही काजातून अर्धं बाहेर काढलं, आणि म्हणाली, "ओढ." त्याने ओढलं. शर्ट लागला! पोरगं स्वतःकडे बघत बसलं. दुसऱ्या आठवड्यात शेवटचं बटण पूर्ण त्याचं. मग शेवटून दुसरं. असं उलटं उलटं करत सहा महिन्यांत अख्खा शर्ट.

"मग ब्रिज कोर्सला त्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं, बॅकवर्ड चेनिंग," मावशी म्हणाली. "मी शेजारच्या बाईला कोपर मारलं. म्हटलं, अगं हे तर आपलं बटण!"

जगभरच्या पाठ्यपुस्तकांत असलेली पद्धत. तिला नाव माहीत नव्हतं, पद्धत माहीत होती.

आता कायद्याकडे. १९८६ साली केंद्र सरकारने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ही एक सोसायटी म्हणून स्थापन केली. (मावशी नोकरीला लागली तेच वर्ष, हा आपला योगायोग.) कोर्सेसचा अभ्यासक्रम एकसारखा करणं हे तिचं काम. १९९२ मध्ये संसदेने कायदा केला आणि २२ जून १९९३ पासून परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. कायद्याने एक केंद्रीय पुनर्वास नोंदवही तयार केली. ऑडिऑलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि त्यांच्याच रांगेत विशेष शिक्षक. ज्याचं नाव वहीत, त्यालाच काम करण्याचा अधिकार. आणि मग ते कलम १३: नोंदणी नसताना काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा वाईट हेतूने केला नव्हता, हे आधीच सांगतो. अपंग मुलाच्या आईबापाइतकं सहज फसवता येणारं माणूस दुसरं नाही. "सहा महिन्यांत बोलायला लावतो" म्हणून पैसे उकळणारे तेव्हाही होते, आजही आहेत. नोंदवही हवीच होती. माझी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. वहीत नाव घालायचं तर मान्यताप्राप्त पात्रता हवी. कायदा लागू झाला त्या दिवशी ज्यांच्याकडे ती पात्रता होती, त्यांना अर्ज करायला सहा महिने दिले आणि तोवर त्यांना नोंदणीकृतच समजलं. ज्यांच्याकडे पात्रता नव्हती पण दहा-वीस वर्षं कामाची होती, त्यांच्यासाठी कायद्यात काय? काहीच नाही. एक ओळसुद्धा नाही.

आमच्या धंद्यात याला म्हणतात मायग्रेशन स्क्रिप्ट न लिहिता नवीन व्हर्जन लाइव्ह करणं. जुना डेटा आहे, तो रोज वापरात आहे, त्याच्यावर गिऱ्हाईक अवलंबून आहे, आणि नवीन सिस्टिम म्हणते हा फॉरमॅट मला कळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी असं डिप्लॉयमेंट करणाऱ्याला टीम लीड काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही :-)

बरं, हा प्रश्न पहिल्यांदा आपल्यालाच पडला होता असंही नाही. वीस वर्षं आधी इंग्लंडला पडला होता आणि ती गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानुसार इंग्लंडमध्ये एखाद्या मुलाला 'शाळेत शिकण्यास असमर्थ' असा शिक्का मारता येत असे. शिक्का बसला की ते मूल शिक्षण खात्याचं उरायचं नाही, आरोग्य खात्याचं व्हायचं. ती मुलं 'ज्युनियर ट्रेनिंग सेंटर' नावाच्या जागी जायची, नाहीतर हॉस्पिटलात राहायची. ती शाळा नव्हे, म्हणून तिथे शिकवणारे शिक्षक नव्हेत. त्यांना सुपरवायझर म्हणायचे! तिथल्या बाई बटण लावायला, पैसे मोजायला, स्वतःचं नाव ओळखायला शिकवत होत्या, पण कागदावर ते शिक्षण नव्हतं. १९७० मध्ये नवीन कायदा आला आणि १ एप्रिल १९७१ पासून एकही मूल 'असमर्थ' राहिलं नाही. सेंटरांमधली सुमारे २४,००० आणि शंभरेक हॉस्पिटलांतली सुमारे ८,००० मुलं शिक्षण खात्याकडे आली. इमारतींवरच्या पाट्या बदलल्या. हळूहळू ४०० च्या आसपास नव्या विशेष शाळा झाल्या.

आणि सुपरवायझर? त्यांनाही इमारतींबरोबरच शिक्षण खात्याकडे सोपवण्यात आलं. इथे इंग्रजांनी एक शहाणपणा आधीच करून ठेवला होता. १९६२ मध्ये स्कॉट समितीने या लोकांच्या प्रशिक्षणाबद्दल अहवाल दिला होता आणि १९६४ मध्ये त्यांच्यासाठी एक ट्रेनिंग कौन्सिल स्थापन झालं होतं. त्या कौन्सिलचा डिप्लोमा असलेल्यांना, पाच वर्षं समाधानकारक काम केल्यावर, पूर्ण शिक्षकाचा दर्जा मिळाला. कॉलेजात परत पहिल्यापासून जायची गरज नाही. डिप्लोमा नव्हता त्यांची परवड झालीच, सगळं गोड नव्हतं. पण 'पाच वर्षं वर्गात काढली' ही गोष्ट नियमात मोजली गेली. पूर्ण पात्रता नाही, पण पात्रतेचा एक भाग.

हे वाचून मी मनात म्हटलं, ठीक आहे, श्रीमंत देश, त्यांना जमतं. मग आठवलं की माझा एक मित्र आर्किटेक्ट आहे, आणि त्याच्या ऑफिसातले एक आजोबा डिग्री नसूनही रजिस्टर्ड होते. शोधलं तर काय, आपल्याच संसदेने १९७२ मध्ये आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट केला त्यात स्पष्ट तरतूद आहे: पात्रता नसली तरी ठरलेल्या तारखेआधी किमान पाच वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम केलेल्या भारतीय नागरिकाला नोंदणी मिळेल. झालं. सुटला प्रश्न. परीक्षा नाही, ब्रिज कोर्स नाही.

म्हणजे आपल्या कायदेमंडळाला ही युक्ती माहीत होती. १९७२ मध्ये माहीत होती आणि १९९२ मध्ये विसरली.

का? याचं पक्कं उत्तर कुठे छापलेलं मला मिळालं नाही, त्यामुळे हे निव्वळ माझं मत समजा. आर्किटेक्ट लोकांची स्वतःची संघटना विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशापासून मुंबईत होती. त्यांना दिल्लीत दार ठोठावता येत होतं. विशेष शाळांमधल्या बाया (बहुतेक बायाच) होत्या विखुरलेल्या, ट्रस्टच्या मानधनावर. त्यांच्या कामाला लोक 'सेवा' म्हणत. सेवा हा शब्द मोठा गोड आहे, पण एकदा तुमच्या कामाला सेवा म्हटलं की त्यात कौशल्य आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. घर बांधायला डोकं लागतं, आणि मुलाला बटण लावायला शिकवायला काय, माया लागते. असा हिशेब.

चूक परिषदेच्या लवकरच लक्षात आली असावी, कारण सगळ्या अप्रशिक्षितांना बाहेर काढायचं तर कितीतरी शाळांना कुलूपच लागलं असतं. मग नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात परिषदेने ब्रिज कोर्स काढला. आधीपासून या क्षेत्रात काम करत असलेल्यांसाठी, एकदाच मिळणारी संधी. छोटं प्रशिक्षण घ्या, नोंदणी करा, काम चालू ठेवा. कायद्यातलं भोक परिषदेने असं बुजवलं.

आता इथे मी मावशीच्या बाजूने भाषण ठोकायच्या तयारीत होतो, की हा कोर्स म्हणजे अनुभवी माणसांचा अपमान वगैरे. तिनेच मला थांबवलं.

"अपमान कसला? ऐक. वर्गात कुणाला फिट आली की आम्ही काय करायचो? दातांत चमचा. जीभ चावू नये म्हणून. मला आधीच्या बाईंनी शिकवलं, मी पुढच्या बाईंना शिकवलं. बारा वर्षं. कोर्सला डॉक्टर आले होते, ते म्हणाले, चमचा घालू नका, दात तुटतो, श्वास अडकू शकतो. कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान हलवा आणि थांबा. त्या रात्री मला झोप नाही लागली रे. किती पोरांच्या तोंडात मी चमचा घातला असेन..."

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. चहा झाला, मग परत स्कॅनिंग.

पण घरी येताना गाडीत तेच डोक्यात. एकाच बाईकडे एकाच वर्गात दोन गोष्टी होत्या, बटण आणि चमचा. दोन्ही अनुभवातूनच आल्या होत्या. एक पुस्तकाइतकी बरोबर, दुसरी धोक्याची. आर्किटेक्टांसारखी नुसती पाच वर्षं मोजली असती तर बटणाबरोबर चमचाही नोंदणीकृत झाला असता. आणि कायद्याच्या मूळ मसुद्याप्रमाणे सरसकट बाहेर काढलं असतं तर चमच्याबरोबर बटणही गेलं असतं. खरी गरज होती बसून, एकेक करून, तुला काय येतं ते दाखव असं विचारणाऱ्या माणसाची. ब्रिज कोर्सनेही ते केलं नाही. त्याने सगळ्यांना एकाच बाकावर बसवून एकच फळा दाखवला. मावशीने तिथे बटण सांगितलंच नाही, कुणी विचारलंच नाही तर सांगणार कुणाला? शेजारच्या बाईला कोपर मारलं तेवढंच.

'आधी शिकलेल्याची दखल', इंग्रजीत रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग किंवा आरपीएल, हा शब्दप्रयोग आपल्याकडे गाजला तो २०१५ च्या कौशल्य विकास योजनेनंतर. सुतार, गवंडी, प्लंबर यांची चाचणी घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं. अपंगत्वाच्या क्षेत्रातही त्या जातीची एक चांगली गोष्ट झाली आहे. ज्यांचे आईवडील किंवा भावंडं कर्णबधिर आहेत अशी माणसं घरातच खाणाखुणांची भाषा शिकून मोठी होतात. अलीकडच्या वर्षांत त्यांची क्षमता तपासून त्यांना दुभाषे म्हणून प्रमाणित करण्याची सोय आरसीआय आणि दिल्लीची सांकेतिक भाषा संस्था (ती २०१५ ची) यांनी केली आहे. कोर्सला किती दिवस हजर होतात हे विचारत नाहीत, हात चालवून दाखवा म्हणतात. दुभाष्यांना जमलं ते शिक्षकांना का नाही, असा माझा भाबडा प्रश्न आहे.

शिक्षकांची गोष्ट तर दरम्यान उलटी झाली. सर्व शिक्षा अभियान आलं, अपंग मुलं साध्या शाळेत यायला लागली, आणि त्यांच्यासाठी कंत्राटी विशेष शिक्षक नेमले गेले. ही नवी पिढी प्रशिक्षित, डिप्लोमा किंवा बीएड झालेली, आरसीआयचा नंबर असलेली. मावशीच्या पिढीकडे जागा होती, कागद नव्हता. यांच्याकडे कागद आहे, जागा नाही. दरवर्षी नवीन करार. अखेर असेच काही शिक्षक सर्वोच्च न्यायालयात गेले. रजनीश कुमार पांडे खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयाने विद्यार्थी-शिक्षक प्रमाण ठरवून कायम पदं निर्माण करायला सांगितलं. राज्यं ढिम्म. ७ मार्च २०२५ ला न्यायालयाने पुन्हा आदेश दिला: तीन आठवड्यांत पदं जाहीर करा. काही राज्यांत लोक वीस-वीस वर्षं कंत्राटावर आहेत याची नोंद घेतली आणि त्यांच्यासाठी प्रत्येक राज्यात छाननी समिती नेमायला सांगितली. समितीत राज्याचे अपंग कल्याण आयुक्त, शिक्षण सचिव आणि आरसीआयचा एक प्रतिनिधी. जे पात्र ठरतील त्यांना नियमित शिक्षकाची वेतनश्रेणी. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२४ मध्ये, केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली होती.

आदेश वाचून बरं वाटलं. पण छाननी समिती काय तपासणार, तर पात्रतेची कागदपत्रं. वीस वर्षांत वर्गात काय घडलं हे तपासायला कुठला रकाना असेल असं मला वाटत नाही. मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, तू त्या समितीवर असतीस तर काय विचारलं असतंस?

थोडा वेळ विचार करून म्हणाली, "कागद बघितलाच असता. मग विचारलं असतं, फिट आली तर काय करता. आणि मग एखादं मूल समोर बसवून अर्धा तास निघून गेले असते. दाराआडून बघितलं असतं."

"एवढ्या लोकांचं असं कसं करणार?"

"ते तुम्ही कॉम्प्युटरवाले बघा."

असो. स्कॅनिंग संपलं तेव्हा सात वाजले होते. मावशीच्या आरसीआय नोंदणीची मुदत निवृत्तीनंतर कधीच संपली. नूतनीकरणाला दर पाच वर्षांनी प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात, तिने तो नाद सोडला. मी फाईल बांधत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात एक बाई आणि तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा. दर रविवारी संध्याकाळी येतात म्हणे, पैसे वगैरे काही नाही. मावशीने चष्मा लावला, चटई अंथरली आणि मुलाला बुटाच्या नाडीचं शेवटचं टोक हातात दिलं.

कलम १३ अजून लागू आहे. कुणाला सांगू नका.